इमर्जन्सी दिव्यांचा चाचणी-स्विच कोठे असावा?

शाळा, वसतिगृह, सभागृह, रुग्णालय अशा इमारतींत जिन्यावर व बाहेर पडण्याच्या वाटेवर बॅटरीवर चालणारे इमर्जन्सी दिवे बसविलेले असतात. नेहमीची वीज चालू असेपर्यंत आतील चार्जर बॅटरी भरत राहतो आणि वीज जाताच दिवा आपोआप लागतो. एरवी या दिव्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून तो निकामी झाल्याचेही कळत नाही. त्यावरील हिरवा ठिपका वीज येत असल्याचे सांगतो. बॅटरी किती वेळ टिकेल, हे सांगत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे दगावली. बाल्कनीतील प्रेक्षक धूर व अंधार यांत अडकले होते आणि वाट दाखविणारा उजेड त्यांना मिळाला नाही.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) असे दिवे किमान ९० मिनिटे चालले पाहिजेत. दिवा तेवढा टिकतो की नाही, हे चाचणीवाचून कळणार नाही. ब्रिटिश मानक ५२६६ नुसार दरमहा थोडा वेळ आणि वर्षातून एकदा पूर्ण मुदतीची चाचणी घेतात. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या संहितेत मासिक चाचणी किमान ३० सेकंदांची, तर वार्षिक ९० मिनिटांची आहे.

ही चाचणी प्रत्यक्षात होते की केवळ नोंदवहीत होते, हे बव्हंशी स्विचच्या जागेवर ठरते.

वायरिंगमधील जागा : एमसीबी पाडून चाचणी घेतल्यास त्या भागातील सर्वच दिवे जातात. साहजिकच वर्ग किंवा कार्यालय चालू असताना कोणी चाचणी घेत नाही. म्हणून इमर्जन्सी दिव्याकडे जाणाऱ्या कायम चालू फेज वायरमध्ये स्वतंत्र स्विच घालावा. तो बंद केला की फक्त या दिव्यांची वीज तुटते. नेहमीचे दिवे चालूच राहतात. मात्र ही फेज त्याच भागातील नेहमीच्या दिव्यांच्या सर्किटमधून घ्यावी. दिवे वेगळ्या सर्किटवर असतील तर चाचणीत ते बिनचूक लागतील. परंतु जिन्याचे सर्किट ट्रिप होऊन तेथे अंधार झाला तरी त्यांच्यापर्यंत वीज पोहोचतच राहील आणि ते लागणार नाहीत. अशी चाचणी उत्तीर्ण होऊनही फसवी ठरते.

भिंतीवरील जागा : स्विच तळमजल्यावरील डीबीजवळ आणि दिवे तिसऱ्या मजल्यावर असतील, तर तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी जिने चढावे लागतात. हळूहळू न पाहताच ‘ठीक’ अशी नोंद होऊ लागते. त्यामुळे शक्यतो प्रत्येक मजल्याला वेगळा स्विच असावा आणि तेथे उभे राहून त्यावरील बहुतेक दिवे दिसावेत. काही दिव्यांवर चाचणीचे बटण असते. पण दिवा छताजवळ असल्यास शिडी लागते आणि बटण दीड तास दाबून धरणे शक्य नसते.

स्विच हाताशी असावा, पण येणाऱ्या-जाणाऱ्याने सहज दाबावा असा नसावा. यासाठी किल्लीने फिरणारा स्विच वापरतात. त्यावर ‘इमर्जन्सी दिवे चाचणी’ असे ठळक लिहावे आणि किल्ली जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. चाचणीनंतर स्विच बंदच राहिला तर बॅटरी उतरते आणि खऱ्या प्रसंगी दिवा लागत नाही. म्हणून स्विच पूर्ववत केल्यावर हिरवा ठिपका पुन्हा दिसतो का, हे पाहूनच नोंद करावी.

पूर्ण मुदतीच्या चाचणीनंतर बॅटरी भरण्यास साधारण २४ तास लागतात. या काळात इमारत असुरक्षित असते. ही चाचणी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, इमारत रिकामी झाल्यावर घ्यावी. वसतिगृह मात्र क्वचितच रिकामे होते. तेथे एकाआड एक दिवे दोन स्विचांवर विभागून निरनिराळ्या दिवशी तपासल्यास जिना पूर्ण अंधारात राहत नाही. ही विभागणी वायरिंगच्या वेळीच करणे स्वस्त पडते. नंतर भिंत फोडावी लागते.