गाडी उभी, मीटर चालू!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली कार. गावच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेला बाबांचा ट्रक. ‘चालतच नाही, तर टॅक्स कसला आणि इन्शुरन्स कसला?’ असं तुम्हालाही वाटतं? मग हे वाचाच.

उंबरमाळी. खर्डी गेलं की कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. एका बाजूला रेल्वे, जवळूनच मुंबई-नाशिक हायवे आणि पुढे कसारा घाटाची चढण. लॅपटॉपची सॅक पाठीला लावून कसारा लोकलने ठाण्या-मुंबईचं ऑफिस गाठायचं आणि रात्री परत यायचं, हे या पट्ट्यातल्या तरुणांचं रुटीन. त्यांच्या घरचं कॅलेंडर मात्र वेगळं असतं. शहापूर-मुरबाडकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात आणि जूनचा पहिला दणकून पाऊस आला की बंद होतात. भट्टीवर माती-विटा वाहणारा ट्रक मग तीन-चार महिने दारातच उभा. चाकांना दगड लावलेले, बॅटरी काढून घरात ठेवलेली.

आता गंमत बघा. अंगणातला हा ट्रक सगळ्या गावाच्या लेखी बंद आहे. आरटीओच्या लेखी तो अजूनही रस्त्यावर आहे!

कायदा म्हणतो, ‘गृहीत धरा’

आपल्याकडे वाहनकराचा कायदा १९५८ सालचा आहे. तेव्हा तो मुंबई मोटार वाहन कर कायदा होता, आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं. त्यातलं तिसरं कलम जरा सावकाश वाचण्यासारखं आहे. कर कुणावर? तर राज्यात ‘वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या’ वाहनावर. आणि पुढे खरी मेख. गाडीचं रजिस्ट्रेशन चालू असेल, तर मालक ती वापरतोच आहे असं कायदा गृहीत धरतो. ती अमुक काळात वापरात नव्हती असं कर अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने प्रमाणित केलं असेल, तेवढाच काळ अपवाद.

म्हणजे गाडी बंद आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. गाडी वापरात होती हे आरटीओला दाखवावं लागत नाही.

ठरलेली पद्धत फारशी अवघड नाही, पण वेळेच्या बाबतीत ती कडक आहे. आरटीओच्या बोलीत तिला नुसतं ‘नॉन-यूज’ म्हणतात. गाडी बंद ठेवायच्या आधी अर्ज द्यायचा. किती काळ बंद ठेवणार, कुठे उभी करणार, हे त्यात लिहायचं. नंतर ती जागेवरून हलवायची झाली तरी कळवायचं, कारण अधिकारी कधीही बघायला येऊ शकतो आणि सांगितलेल्या अंगणात ट्रक दिसला नाही की सगळं मुसळ केरात. त्या काळाचा कर आधीच भरला असेल तर परताव्याची तरतूद आहे. पण आठ दिवस गाडी उभी राहिली म्हणून कुणी पैसे परत देत नाही, सलग महिन्याच्या भाषेत बोलावं लागतं.

सगळी गोची होते ती ‘आधी’ या शब्दावर. आपल्याकडे बहुतेकांना हा अर्ज आठवतो तो कराची नोटीस हातात पडल्यावर. मग गावच्या सरपंचाचा दाखला, गॅरेजवाल्याची चिठ्ठी, शेजाऱ्याची साक्ष अशी जमवाजमव सुरू होते. ‘साहेब, पावसाळाभर हलला नाही हो ट्रक!’ हे शंभर टक्के खरं असतं, पण मागाहून सांगितलेल्या खऱ्याची किंमत फार कमी. तोवर थकबाकीवर व्याजही चढलेलं असतं.

लॉकडाऊनचं उदाहरण इथे हमखास काढलं जातं. २०२० मध्ये स्कूल बस, टुरिस्ट बस, मालवाहू गाड्या महिनोन् महिने उभ्या होत्या आणि राज्य सरकारने एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचा कर माफ केला होता. पण तो सगळ्यांसाठी घेतलेला खास निर्णय होता. वीटभट्टीच्या पावसाळ्यासाठी कॅबिनेटची बैठक बसत नाही, तिथे आपला अर्ज आपणच करायचा.

विशाखापट्टणमची बातमी आणि आपण

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस एक बातमी व्हॉट्सअॅपवर भलतीच फिरली, ‘गाडी रस्त्यावर नाही, तर टॅक्स नाही’. सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, त्यामुळे बातमी खोटी नव्हती. ताराचंद लॉजिस्टिक सोल्युशन्स या कंपनीच्या ३६ गाड्या विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारातच, भिंतीआड, माल हलवायचं काम करत होत्या. त्यांच्यासाठी भरलेला २२ लाखांहून जास्त कर कंपनीने परत मागितला. कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. वाहनकर हा रस्त्यांच्या वापराचा मोबदला आहे, जी गाडी सार्वजनिक रस्ता वापरतच नाही तिच्याकडून तो कसा घेणार, असा साधारण युक्तिवाद.

वाचून कुणालाही वाटेल, झालं आपलं काम! थांबा. तो निकाल आंध्र प्रदेशच्या कायद्यावर आहे आणि त्या कायद्यात ‘सार्वजनिक ठिकाणी’ वापरलेली किंवा वापरासाठी ठेवलेली गाडी असे शब्द आहेत. आपल्या १९५८ च्या कायद्यात कर बसवणाऱ्या वाक्यात ‘राज्यात’ एवढंच आहे. दोन शब्दांचा फरक, पण कोर्टात दोन शब्दांवरच पिढ्या जातात. उद्या महाराष्ट्रातला कुणी ट्रकमालक हा निकाल घेऊन भांडेल आणि कदाचित जिंकेलही. तोवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजच्या भरवशावर नॉन-यूजचा अर्ज टाळणं म्हणजे स्वतःहून व्याज ओढवून घेणं आहे, असं माझं स्पष्ट मत.

तुमच्या कारचं काय?

इथे कथा एकदम बदलते. खासगी कारला दरवर्षीचा टॅक्स नसतोच, तो तुम्ही शोरूममधून बाहेर पडतानाच एकरकमी भरलेला असतो. आठ लाखांची पेट्रोल कार घेतली असेल तर ११ टक्क्यांनी ८८ हजार, ऑन-रोड किमतीत गुपचूप गेलेले. त्यामुळे सहा महिने पुण्याला किंवा सिंगापूरला पोस्टिंग मिळालं आणि कार उंबरमाळी-खर्डीकडच्या फार्महाउसवर नेऊन ठेवली, तर कराच्या बाबतीत ना नुकसान, ना बचत. एकरकमी कराचा काही भाग परत मिळतो, पण गाडी कायमची राज्याबाहेर नेली किंवा भंगारात काढली तरच. (फार्महाउसवर ठेवायची तर उंदरांचा बंदोबस्त आधी करा. पावसाळ्यात जंगलालगतच्या उंदरांना तुमच्या गाडीचं वायरिंग फार आवडतं.)

कारवाल्यांचा खरा प्रश्न टॅक्सचा नाही, इन्शुरन्सचा आहे. आणि इथे ‘उभीच तर आहे’ हे वाक्य सगळ्यात महाग पडू शकतं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १४६ वं कलम सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. कुंपणाच्या आतलं स्वतःचं अंगण त्यात धरलं जाणार नाही, पण गेटबाहेरचा रस्ता नक्कीच धरला जाईल. आणि मुंबई-ठाण्यात आपल्यापैकी कितीजणांची गाडी खरोखर गेटच्या आत असते?

‘पण मी वापरत नाही ना, नुसती उभी आहे!’ याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच देऊन ठेवलंय आणि ते आपल्याच राज्यातल्या अपघाताचं आहे. ऑक्टोबर १९८७ ची पहाट, सातारा जिल्हा, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन रस्त्याकडेला कलंडला. पेट्रोल गळत राहिलं, माणसं जमत गेली. साधारण चार तासांनी स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी काहीजण होरपळून गेले. विमा कंपनीची बाजू अशी की टँकर तर तेव्हा आडवा पडलेला होता, चालतच नव्हता, मग हा ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा? कोर्टाने ते मानलं नाही. ‘वापर’ म्हणजे फक्त चाकं फिरणं नव्हे. उभी, बिघडलेली, अपघातात पडलेली गाडीसुद्धा वापरातच येते, असा अर्थ कोर्टाने लावला. मृतांच्या घरच्यांना भरपाईचा मार्ग मोकळा झाला.

आता हेच उलटं करून पाहा. तुमची कार उतारावर उभी आहे, हँडब्रेक सुटतो आणि ती कुणाच्या अंगावर जाते. विमा नसेल तर भरपाई कोण देणार? दोन हजारांचा दंड (दुसऱ्यांदा चार हजार) हा त्यातला सगळ्यात किरकोळ खर्च. अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम तुमच्या पगारातून, फ्लॅटमधून, कुठूनही वसूल होऊ शकते.

तिकडे ‘सॉर्न’ असतं...

लंडन-स्लाउकडे कुणी मराठी भाऊ-वहिनी असतील तर त्यांना विचारा. ब्रिटनमध्ये १९९८ पासून एक झकास सोय आहे. गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला रीतसर कळवायचं, फी शून्य. म्हणायला ‘सॉर्न’. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो आणि विमाही बंद ठेवता येतो. मात्र गाडी स्वतःच्या जागेत हवी, घरासमोरच्या रस्त्यावर चालत नाही. २०११ पासून नियम आणखी घट्ट झालाय, गाडीचा विमा तरी हवा नाहीतर सॉर्न तरी. मधली अवस्थाच नाही. आपल्याकडे ट्रकवाल्याला कराच्या बाबतीत यातलं अर्धं मिळतं, कारवाल्याला काहीच नाही. आपण रोड टॅक्स एकदम घेऊन मोकळे होतो, त्याचा हा परिणाम.

मग करायचं काय? सगळ्यात आधी पॉलिसी उघडून बघा. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या कारला तीन वर्षांचा आणि टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. कदाचित तुमचा अजून चालूही असेल. संपला असेल आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर ओन डॅमेजचं महागडं कव्हर सोडून नुसतं थर्ड पार्टी ठेवता येतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार ते दीड हजार सीसीच्या कारला ते वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी असं बसत होतं. उभ्या गाडीला अपघातापेक्षा चोरी आणि आगीची भीती जास्त, म्हणून तेवढंच कव्हर मिळतं का, हे एजंटला जरूर विचारा. आणि ओन डॅमेज सोडण्याआधी एक हिशेब करा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की इतकी वर्षं साठवलेला नो क्लेम बोनस जातो. ५० टक्के बोनस असणाऱ्याला ही ‘बचत’ उलटी पडायची शक्यता मोठी.

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर ती उभी असली तरी रजिस्ट्रेशनची तारीख थांबत नाही. एप्रिल २०२२ पासून उशीर झालेल्या नूतनीकरणाला कारसाठी महिन्याला ५०० आणि मोटरसायकलसाठी ३०० रुपये जादा लागतात. आणि ती आता कधीच चालणार नाही हे मनातून माहीत असेल, तर आठवणींपायी अंगणात ठेवलेली आजोबांची फियाट रजिस्ट्रेशनच्या कागदावर कशाला जिवंत ठेवायची? कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून रजिस्ट्रेशन रद्द करायचं, असं ५५ वं कलम सांगतं. फियाट राहू द्या हवी तर, कोंबड्या बसतील तिच्यात.

आणि उंबरमाळीच्या त्या ट्रकसाठी, या वीकेण्डला घरी जाल तेव्हा बाबांकडून आरसी बुक आणि टॅक्सची शेवटची पावती घेऊन दोन्हींचा फोटो काढा. भट्टी यंदा कधी बंद होणार ते विचारा आणि अर्ज त्याच्या आधीच्या आठवड्यात द्या. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारीख असलेली.