तीन किलो युरिया, एक विहीर

वीस फूट व्यासाची विहीर आणि तिच्यात पंधरा फूट पाणी. वर्धा जिल्ह्यात अशी विहीर शोधायला लांब जावे लागत नाही. तिच्यात पाणी मावते सुमारे १ लाख ३३ हजार लिटर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, त्यापुढे सवलत नाही, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे या अख्ख्या विहिरीची मर्यादा गाठायला सहा किलो नायट्रेट पुरते. तेवढे नायट्रेट तयार होण्यासाठी लागणारे नत्र साधारण तीन किलो युरियात असते. ४५ किलोची एक बॅग अशा पंधरा विहिरींना पुरेल.

हिशेब अर्थात कागदावरचा आहे. शेतात टाकलेला सगळा युरिया विहिरीत उतरत नाही. काही नत्र पीक घेते, काही अमोनिया होऊन हवेत जाते. पण दरवर्षी थोडे थोडे झिरपत राहिले तर काय होते, हे केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात दिसले. देशभरातल्या १५ हजारांहून अधिक नमुन्यांपैकी जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे सात होते : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

काळ्या मातीतून खाली

कपाशीचे हे रान नायट्रेटला इतके मोकळे का, याचे उत्तर मातीत आणि खडकात आहे. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. युरियापासून आधी तयार होणारा अमोनियम धनभारित असल्याने मातीला चिकटून राहतो. जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र ऋणभारित. माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी जाईल तिकडे ते जाते.

त्यात आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. सुरुवातीच्या पावसाचे पाणी मातीत मुरत बसण्याऐवजी या भेगांतून थेट खाली उतरते. खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळ काळा पाषाण. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग या बेसाल्टवर वसला आहे. आपल्या विहिरी वरच्या झिजलेल्या थरातच पाणी धरतात, म्हणून शिवारात जे पडते ते विहिरीत लवकर पोचते.

सगळा दोष युरियाचा नाही. गोठ्यातले मूत, विहिरीजवळचा उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा यांतूनही नत्रच पाझरते. गवळाऊ गुरांचा हा मुलूख. शेणखताला इथे कधी तोटा नव्हता, पण ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर पावसाळ्यात त्याचा अर्क विहिरीत उतरणारच.

न दिसणारे, न कळणारे

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांचे निळे पडणे आणि पाण्यातले नायट्रेट यांचा संबंध दाखवला. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतल्या, बाहेरचे दूध पाण्यात कालवून दिल्या जाणाऱ्या बाळांना असतो.

इथे आपले नेहमीचे उपाय हरतात. टीसीएल पावडरीने जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. तुरटीने गाळ बसतो, नायट्रेट बसत नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते. आरओ यंत्र ते काढते, पण काढलेले नायट्रेट टाकाऊ पाण्यासोबत नालीत आणि तिथून पुन्हा जमिनीत जाते.

नदी विहिरीतूनच वाहते

अहवालातली यादी नकाशावर ठेवून पाहा. वर्धा नदीच्या एका काठाला वर्धा जिल्हा, पलीकडच्या काठाला अमरावती आणि यवतमाळ. तिन्ही यादीत आहेत. वर्धेला मिळणारी पैनगंगा बुलढाण्यात उगम पावते आणि पुढे तेलंगणातल्या आदिलाबादची सीमा होते. बुलढाणा यादीत आहे, आदिलाबादही आहे.

नदीने हे प्रदूषण गावोगाव वाटले, असा याचा अर्थ नाही. उलट आहे. माती, खडक, पिके आणि खताची सवय सारखी, म्हणून दुखणे सारखे. मात्र पाऊस थांबला की नदीत वाहते ते मुख्यतः काठच्या जमिनीतून पाझरलेले पाणी. विहिरीत जे आहे तेच हळूहळू नदीत येते. बोर आणि धाम या नद्यांचे पाणी वणेत जाते, वणेचे वर्धेत. मध्य प्रदेशात मुलताईजवळ निघालेली वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. एका शिवारात वाया गेलेले नत्र असे तीन राज्यांच्या पाण्यात पोचू शकते.

गोदावरी पाणी तंटा लवादाने १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला. तेव्हापासून खोऱ्याची चर्चा कोणाला किती टीएमसी याच भाषेत होते. पाण्यात काय आहे, हा प्रश्न मागेच राहिला. युरोपने १९९१ मध्ये नायट्रेटसाठी वेगळा कायदा केला. बाधित क्षेत्रे ठरवली आणि तिथे शेणखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र टाकायला बंदी घातली. आपल्याकडेही २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने पाणलोटनिहाय समित्यांची वाट दाखवली आहे. तिच्यावर चालायचे राहिले आहे.

शिवारातला उपाय

विहिरीत गेलेले नत्र म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून गेलेला पैसा. म्हणून उपाय त्याच्या फायद्याचाच आहे. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबावे. सोयाबीन, तूर, हरभरा मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र स्वतःच घेतात. त्यांना युरियाचा मारा नको, आणि मागच्या पिकाने जमिनीत ठेवलेले नत्र पुढच्या मात्रेतून वजा करावे. उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला न्यावा. सेवाग्रामला गांधीजींनी मैला आणि शेण खड्ड्यात कुजवून खत करण्याचा आग्रह धरला होता. मराठीने त्या मैल्याच्या खताला सोनखत म्हटले. ते सोने शेतात राहिले तरच.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या संचात नायट्रेटचीही चाचणी होते. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, गावातल्या प्रत्येक पिण्याच्या विहिरीची आणि हातपंपाची चाचणी करून घ्या. आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहा. तो ४५ च्या वर असेल, तर त्या पाण्यात तान्ह्या बाळाचे दूध कालवू नका.