घरच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याचे अधिकार

नवा लॅपटॉप सुरू करताना विंडोजमध्ये तयार होणारे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटर खाते असते. अनेक घरांत पुढे सगळे जण तेच वापरतात. वडिलांचे बँकेचे काम, धाकट्या भावंडाचे गेम आणि तुमच्या प्रॅक्टिकलचा कंपायलर, सारे त्याच खात्यावर. ही सवय का आणि कशी बदलायची, ते या टिपणात पाहू.

मूळ तत्त्व

प्रोग्रॅम ज्या खात्यातून चालतो, त्या खात्याचे अधिकार त्याला मिळतात. अधिकार देताना त्याचा हेतू तपासला जात नाही. म्हणून कामापुरताच अधिकार द्यावा. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या शोधनिबंधात हे तत्त्व मांडले आणि आजही ते शिकवले जाते.

सॉफ्टवेअर बसवताना काय घडते?

इन्स्टॉलर सहसा 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये फाइली ठेवतो आणि रजिस्ट्रीच्या सामाईक भागात नोंदी करतो. या जागा संगणकावरील सर्वांच्या असल्याने तेथे बदल करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो.

विंडोज व्हिस्टापासून या टप्प्यावर 'यूजर अकाउंट कंट्रोल'ची खिडकी येते. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असाल, तर केवळ 'येस' दाबून काम होते. स्टँडर्ड खात्यात असाल, तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्यावा लागतो. घाईत 'येस' सहज दाबले जाते. पासवर्ड टाकताना माणूस थांबून विचार करतो. शिवाय एकाच ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातील या विचारणेला मायक्रोसॉफ्ट स्वतःही सुरक्षेची पक्की सीमा मानत नाही. वेगळे खाते ही त्याहून भक्कम भिंत आहे.

कृती : विंडोज ११

१. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडा. 'युअर इन्फो'मध्ये तुमच्या नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिले आहे का, ते पाहा.
२. 'अदर यूजर्स'मधून नवे खाते तयार करा, त्याचा प्रकार ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि वेगळा पासवर्ड ठेवा.
३. नव्या खात्यात एकदा लॉगिन करून ते नीट चालते याची खात्री करा.
४. त्याच खात्यातून तुमच्या जुन्या खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड यूजर' करा. फाइली जागच्या जागी राहतात.
५. घरातील इतरांसाठी स्वतंत्र स्टँडर्ड खाती तयार करा.

हा क्रम मोडू नका. आधी दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर खाते चालू असल्याची खात्री, मगच जुन्या खात्याचा अधिकार कमी करणे.

पासवर्ड देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा : हे काम तुम्हीच सुरू केले आहे का, आणि खिडकीत प्रकाशकाचे नाव काय दिसते? तुम्ही काहीच सुरू केले नसताना विचारणा आली, तर 'नो' दाबा.

मर्यादा

स्टँडर्ड खाते म्हणजे संपूर्ण बंदी नव्हे. काही सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच बसते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा 'यूजर इन्स्टॉलर' असाच आहे. त्याला पासवर्ड लागत नाही. याच वाटेने घातक प्रोग्रॅमही चालू शकतो. खंडणीखोर रॅन्समवेअरला तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट कुलूपबंद करायला तुमच्याच खात्याचे अधिकार पुरतात. मात्र भावाच्या खात्यात आलेल्या अशा प्रोग्रॅमला तुमच्या खात्यातील फाइलींपर्यंत सहज पोहोचता येत नाही. तरीही महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि प्रत घेऊन झाली की तो ड्राइव्ह काढून ठेवा.

उबुंटूमध्ये

तत्त्व हेच, पद्धत वेगळी. इन्स्टॉलेशनच्या वेळी तयार केलेला पहिला वापरकर्ता 'सुडो' गटात असतो. आज्ञेआधी 'सुडो' लिहून तो स्वतःचाच पासवर्ड देतो आणि तेवढ्या आज्ञेपुरता वाढीव अधिकार मिळवतो. घरातील इतरांना या गटात घालू नका.

स्वाध्याय

१. स्टँडर्ड खात्यातून एखादे सॉफ्टवेअर पासवर्डशिवाय बसले. ते कोणत्या फोल्डरमध्ये गेले, ते शोधा आणि कारण सांगा.
२. तुमच्या घरच्या संगणकावरील प्रत्येक खात्याचा प्रकार लिहा. कोणाला तो अधिकार खरोखर लागतो?