गडचिरोलीचं संशोधन आशाताईंच्या पिशवीत कसं पोहोचलं

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा एक शोधनिबंध छापून आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला होता. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यदूत केलं. ती बाळाचं वजन करायची, ऊब आणि अंगावरचं पाजणं पाहायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायची. आधी या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते साठच्या आसपासच राहिलं.

हीच कल्पना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवायच्या मार्गदर्शक सूचना आल्या २०११ मध्ये. मधली बारा वर्षं कशात गेली, हे प्रत्येक तरुण संशोधकानं समजून घ्यायला हवं. ती सगळी सरकारी दिरंगाईत गेली असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे.

निष्कर्ष खरा आहे का, हा संशोधकाचा प्रश्न. आरोग्य सचिवांपुढचे प्रश्न वेगळे असतात. बंग दांपत्य जिथे नाही तिथे हे चालेल का? करणार कोण? पैसे कुठल्या योजनेतून? इंजेक्शन दिल्यावर बाळ दगावलं तर जबाबदारी कोणावर? या प्रश्नांची उत्तरं शोधनिबंधात सहसा नसतात. ती मिळवणं हे दुसरं संशोधनच आहे, आणि पहिल्याइतकंच कष्टाचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘अंकुर’ प्रकल्पातून मिळालं. महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात, आपापली माणसं घेऊन हीच पद्धत वापरली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही ती इतर राज्यांत तपासून पाहिली. आपला प्रयोग दुसऱ्याच्या हाती देणं संशोधकाला जड जातं. पण दुसऱ्याच्या हातून तो यशस्वी झाला, की अधिकाऱ्याला त्याच्या बाजूनं बोलता येतं.

करणार कोण, या प्रश्नाला १९९९ मध्ये उत्तरच नव्हतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं आणि गावोगावी आशा आल्या. घरोघर जाणारी बाई आता सरकारी यंत्रणेतच होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली, तेव्हा भारतात ती अमलात आणायला मनुष्यबळ तयार होतं. म्हणून संशोधकांना मदत करणाऱ्यानं त्यांना आधी हे विचारावं: तुमचं काम सरकारच्या कुठल्या चालू योजनेत बसेल?

आता खर्चाकडे वळू. मूळ शोधनिबंधातच दोन आकडे होते. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो. हा दुसरा आकडा मंत्र्याला एका दमात समजतो, विधानसभेत सांगता येतो. प्रत्येक संशोधकाकडे असा एक आकडा हवा. तो काढता येत नसेल, तर भेटीची वेळ मागण्याआधी घरी अजून काम करावं.

मंत्रालयात फाईल वरून खाली येते असा समज आहे. पण तिच्यावरची पहिली टिपणी बहुधा सहायक कक्ष अधिकारी किंवा कक्ष अधिकारी लिहितो. तिथून ती अवर सचिव, उपसचिव अशी सचिवांकडे जाते. नवा खर्च असेल तर वित्त विभागाची सहमती लागते, आणि मग शासन निर्णय निघतो. मंत्र्यांसोबत फोटो निघाला, पण कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर नीट कागद नाही, तर विषय तिथेच थांबतो. त्याला दोन पानं मराठीत द्यावीत: प्रश्न काय, उपाय काय, खर्च किती, सध्याच्या कुठल्या शासन निर्णयात कोणता बदल हवा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. वेळही साधावी लागते. आरोग्य अभियानाचा पैसा राज्याच्या आराखड्यातून, म्हणजे पीआयपीतून येतो. नवं आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या काही महिने आधीच त्यात ओळ पडली पाहिजे.

मंत्रालयाखेरीज दुसरं दार लोकांसमोर उघडतं. २००१ मध्ये ‘सर्च’ आणि इतर संस्थांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. वृत्तपत्रांत आणि सभागृहात गदारोळ झाला, आणि सरकारनं नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीचं अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडेच आलं. आकडे कोणीही तपासावेत इतके पक्के असतील, तरच या दारानं जावं.

निर्णय निघाला तरी संशोधकाचं काम संपत नाही. २०११ च्या सूचनांत दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ६ आणि घरी जन्मलेल्यासाठी ७ भेटी ठरल्या. आशाला त्यासाठी २५० रुपये मिळणार होते, तेही वजनाची नोंद, लस, जन्मनोंदणी झाल्यावर. इंजेक्शन मात्र आशाच्या कामातून वगळलं गेलं. गडचिरोलीत ते मृत्यू घटवणाऱ्या उपायांचाच भाग होतं. ही तडजोड मला सलते, तरी ती स्वीकारणंच योग्य होतं असं वाटतं, कारण भेटी तर सुरू झाल्या. २०१४ मध्ये केंद्रानं ठरावीक परिस्थितीत एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याची मुभा दिली. काय गळलं, ते कधी परत मागायचं, भेटी खरंच होतात की फक्त फॉर्म भरले जातात, यावर लक्ष ठेवायला संशोधन संस्थेत पगारी माणूस हवा. तो संशोधन प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा.