मागे राहिलेल्याला जास्त जोर

आमच्या केमचे नाव कुंकवाने सर्वदूर नेले. हळदीचे कुंकू करताना प्रमाण आणि वेळ चुकून चालत नाही. वेळेचे असेच, पण कितीतरी काटेकोर गणित मुंबईत कुलाब्याला मांडलेले आहे.

तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ साली ‘पेलेट्रॉन’ त्वरक सुरू झाला. जड अणूंचे विद्युतभारित कण वेगाने आदळवून अणुकेंद्राचे अंतरंग पाहायचे, हे त्याचे काम. त्याला अधिक ऊर्जा हवी म्हणून संस्थेने भाभा अणुसंशोधन केंद्रासह अतिवाहक रेषीय त्वरकाची जोड दिली. २००७ साली ती पूर्णत्वास गेली. शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या २८ पोकळ्या द्रवरूप हेलियमने उणे २६८ अंशांपर्यंत थंड करतात. मग विजेचा अपव्यय नगण्य होतो.

पोकळीतले विद्युतक्षेत्र सेकंदाला १५ कोटी वेळा हेलकावे घेते. झोपाळ्याला धक्का वेळेवरच द्यावा लागतो, तसेच इथे. क्षेत्राचा जोर चढत असतानाच कणांचा पुंजका पोहोचावा, असा आराखडा असतो. पुढे पळालेल्या कणाला कमी धक्का बसतो, मागे राहिलेल्याला जास्त. पुंजका एकत्र राहतो. मात्र याची किंमत मोजावी लागते: कण बाजूंना फाकू लागतात, त्यांना चुंबकांनी आवरावे लागते.

शाळेत हे सांगताना मला दरवेळी वाटते, आपण नेमके उलट करतो. पहिल्या बाकावरच्याला आणखी शिकवण्या लावतो आणि शेवटच्या बाकावरचा शाळा सोडून जातो. सारा वर्ग मिळून पुढे न्यायचा, तर जोर कुठे लावायचा, हे या यंत्राकडून शिकण्यासारखे आहे.