बोटांचे बळ आणि वाढीचे वय

दोराच्या संरक्षणात खडक चढण्याच्या कलेला प्रस्तरारोहण म्हणतात. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये कृत्रिम भिंतीवरील आरोहणास प्रथमच स्थान मिळाले, आणि या खेळाची ओढ आमच्या वसतिगृहापर्यंत पोहोचली. वरच्या वर्गातील मुले दाराच्या चौकटीला बोटांच्या टोकांनी लोंबकळताना दिसतात. हौस चांगलीच आहे. रीत मात्र घातक आहे. तिचे कारण पालकांनी जाणून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

बोटे घट्ट मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर व मनगट यांच्यामध्ये असतात. मूठ आवळून कोपराखाली चाचपले की ते हाताला लागतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा बोटांच्या पेरांपर्यंत जातात आणि नेफ्यातून नाडी ओवावी तशा हाडालगतच्या चिवट वलयांतून ओवलेल्या असतात. स्नायू काही आठवड्यांत बळावतो; कंडरांना व वलयांना महिनोन्महिने लागतात. म्हणून घाई करणाऱ्या प्रौढ आरोहकाचे, विशेषतः अनामिकेचे, वलय फाटते.

वाढत्या मुलांत धोका निराळा. त्यांच्या बोटांच्या हाडांत सांध्यालगत कोवळ्या कूर्चेचा पट्टा असतो. हाड तेथूनच वाढते. बोटे दुमडून टोकांवर सारा भार घेतला की वलयाआधी हा पट्टाच दुखावतो. उपचार न झाल्यास बोट कायमचे वाकडे होऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ. “आमच्या पोराच्या हाताला कामाची सवय आहे, त्याला काय होतंय?” असे पालक म्हणतात. हात राकट होतो, मनगट भरते, हे खरे. परंतु कष्टाने हाडाचे वय वाढत नाही. उलट बळकट स्नायू त्या कोवळ्या पट्ट्याला अधिकच जोराने ओढतो. शिवाय कोयता पूर्ण मुठीत धरला जातो, खडकाची कपार बोटांच्या टोकांवर.

या वयाला आमच्या मते दोरीचा मल्लखांब सर्वांत योग्य. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, ते महाराष्ट्र जाणतोच. दोर पूर्ण मुठीत येतो. पायाच्या अंगठ्याची बेचकी आणि मांड्याही भार घेतात. जाणत्या शिक्षकाची देखरेख व खाली गादी हवीच. आडव्या दांड्याला पूर्ण पकडीने दहा-दहा सेकंद लटकावे, मध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी, आणि एक दिवस सोडून सराव करावा. सायकलच्या ट्यूबचे कडे बोटांभोवती घालून बोटे उघडण्याचा व्यायामही करावा, कारण मिटणाऱ्या स्नायूंइतकीच निगा उघडणाऱ्या स्नायूंची हवी. प्रत्यक्ष खडकावर भार पायांवर ठेवणाराच दूरवर चढतो.

बोटाचा मधला सांधा मागील बाजूने दाबल्यावर दुखत असेल, तर चढणे त्वरित थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही इजा कधी कधी दिसत नाही. दुखणे राहिल्यास पुन्हा तपासून घ्यावे.