बर्फाने जपलेली लाकडी जोडी

नॉर्वेतील डिगरवार्डेन डोंगरावर बर्फ वितळताना २०१४ मध्ये एक लाकडी स्की सापडली. तिची जोडीदार मिळायला २०२१ उजाडावे लागले. ती अवघ्या पाच मीटरवर बर्फात होती. सुमारे १३०० वर्षे जुन्या या जोडीवर दुरुस्तीच्या खुणा आहेत. गोठलेल्या थरात लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणूनच ती टिकली.

स्कीने पुढे घसरायला हवे, पण चढावर मागे सरकता कामा नये. अलीकडच्या लाकडी स्कींमध्ये यासाठी मधोमध कमान असे. दोन्ही पायांवर भार असला की मधला भाग उचललेला राहतो आणि स्की घसरते. एका पायावर जोर दिला की तो बर्फाला टेकतो आणि तिथले मेण पकड घेते. तळाला पाइनचे टार लावत, म्हणजे लाकडात पाणी मुरत नसे.

१९७४ मध्ये स्वीडनमधील फालुनच्या जागतिक स्पर्धेत थॉमस माग्नुसनने ३० किलोमीटरची शर्यत फायबरग्लासच्या स्कीवर जिंकली आणि शर्यतींतून लाकूड हद्दपार झाले.

डोंगरावरचा बर्फ मात्र वितळतोच आहे. उघड्यावर आलेले लाकूड लवकर कुजते. त्यामुळे अशा वस्तू वेळेत उचलल्या नाहीत, तर त्या कायमच्या जातील.